बाबांच्या खुब्यातला दांडा मोडला

लेथवाला

गेल्या महिन्यात बाबांचा खुब्याचा कृत्रिम सांधा मोडला. मोडला म्हणजे अक्षरशः मोडला. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडात दांड्याचे दोन तुकडे दिसतात, मधे बारीक फट, वरचा तुकडा किंचित कललेला.

बाबा ७१ वर्षांचे, वजन ८६ किलो, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त मेकॅनिक. २००९ साली डाव्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद झाला म्हणून सांधा बदलला. सिमेंट लावून बसवलेला स्टीलचा दांडा, वर धातूचा गोळा, प्लास्टिकची वाटी. नंतर पंधरा वर्षं झकास गेली. स्कूटर, बाग, दोनदा पंढरपूर. शेवटचा एक्स-रे २०१३ चा. 'दुखत नाही तर कशाला,' हे बाबांचं म्हणणं आणि आम्हालाही ते पटलेलं.

दोनेक वर्षांपासून एक गोष्ट होत होती. खुर्चीतून उठलं की पहिली चार-पाच पावलं मांडीत कळ, मग चालायला लागले की बंद. आम्ही ते वयावर ढकललं. महानारायण तेल, बाम, गरम पाण्याची पिशवी.

त्या दिवशी हातात झारी घेऊन ओट्याची एक पायरी उतरले, वीतभर उंचीची. 'कट्' असा आवाज आला. आईला वाटलं जास्वंदीची फांदी मोडली. बाबा कठड्याला धरून उभे होते, पाय टेकवत नव्हता. दवाखान्यात जो तो विचारी, 'कसे पडले?' अहो, ते पडलेच नाहीत.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. काढलेले तुकडे मला हवेत, असं आधीच सांगितलं होतं. लेखी अर्ज घेऊन, निर्जंतुक करून सीलबंद पिशवीत दिले. मी अंबड एमआयडीसीत टूलरूमला आहे, त्यामुळे पिशवी फोडल्याशिवाय राहवेना. भिंगाखाली पाहिलं तर तुटलेल्या तोंडावर दोन वेगवेगळे भाग. जवळपास दोनतृतीयांश भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकाआड एक कमानी. उरलेला भाग खरखरीत, साखर फोडल्यासारखा. कमानी उलट्या मागे नेत गेलं की सगळ्या एकाच जागी येतात: दांड्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं पुढच्या बाजूला.

बाबांना कॉटवर दाखवलं. चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "गाडीच्या स्प्रिंगचा मेन पाटा असाच तुटतो. आधी कुठंतरी बारीक चीर पडते, गाडी महिनोन्‌महिने तशीच पळते. ड्रायव्हर म्हणतो, खड्ड्यात तुटला."

म्हणजे हा फटिगचा, पुन्हा पुन्हा भार येऊन धातू थकल्याचा, तुटवडा (आमच्याकडे असंच म्हणतात, हसू नका). चीर जुनी होती. माझा प्रश्न असा, की चीर पडलीच का? दांडा खराब होता, बसवताना चुकलं, की आमच्याकडूनच हयगय झाली? जाणकारांनी सांगावं.

पाऊसवेडी

बापरे. वाचतेय. आईचे दोन्ही खुबे बदललेत, २०१६ आणि २०१९. तिलाही उठल्यावर पहिली पावलं जड जातात. आता झोप उडाली माझी.

हाडांचा डॉक्टर

पाऊसवेडी, घाबरू नका, पण एक्स-रे काढा. उठल्याबरोबर मांडीत कळ आणि चालल्यावर बरं, ही दांडा सैल झाल्याची अगदी ठरलेली तक्रार आहे. कंबरेमुळेही तसं होऊ शकतं. फोटो काढल्याशिवाय कळत नाही.

लेथवाला, वडिलांचे एक्स-रे मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे साधारण काय होतं तेवढंच सांगतो.

बोन सिमेंट म्हणजे डिंक नव्हे. ते चिकटवत नाही, दांडा आणि हाड यांच्यामधली पोकळी भरून काढतं. भराव जोवर वरपासून खालपर्यंत शाबूत आहे तोवर दांड्यावरचा भार हाडात वाटला जातो. आता शेतात रोवलेला खांब डोळ्यांसमोर आणा. बूड घट्ट आहे, पण वरची दोन फूट माती पावसात वाहून गेलीय. वारा आला की खांब कुठे वाकेल? जिथे घट्ट माती सुरू होते तिथे. तुमच्या वडिलांच्या दांड्याचा वरचा भाग मोकळा झाला असणार आणि खालचा पक्का राहिला. प्रत्येक पावलाला तो आत वाकायचा, बाहेरच्या अंगाला ताण यायचा. चीर नेमकी तिथेच सुरू झाली आहे हे तुम्ही स्वतःच भिंगाखाली पाहिलंत.

आता वरची माती कुणी वाहून नेली? बहुतेक वेळा प्लास्टिकच्या वाटीने. गोळा वाटीत फिरतो तशी वाटी झिजते. जुन्या प्रकारच्या पॉलिएथिलीनची झीज वर्षाला साधारण ०.१ मिमी. ऐकायला काहीच नाही, पण तो चुरा पुष्कळदा मायक्रॉनपेक्षाही बारीक असतो आणि त्याचे कण अब्जावधी. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते कण गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि चिडून असे संदेश सोडतात की शेजारचं हाडच विरघळायला लागतं. त्यात जंतू नसतात, ताप नसतो, आणि बरीच वर्षं दुखतही नाही. एक्स-रेवर मात्र हाडात काळे पोकळ डाग दिसतात.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मोडला दांडा, पण बिघाडाची सुरुवात बहुधा वाटीत झाली, आणि तीही बरीच वर्षं आधी.

लेथवाला

डॉक्टर, हे असं कुणीच सांगितलं नव्हतं. आता कोडं सुटतंय.

रात्री थोडा हिशेब मांडला. बर्लिनच्या संशोधकांनी सांध्याच्या आतच मोजमापाची यंत्रणा बसवून काही पेशंटचा भार मोजलाय. साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट जोर येतो, ठेच लागून तोल सावरताना सात-आठपट. बाबांचे ८६ किलो धरले तर प्रत्येक पावलाला सव्वादोनशे-अडीचशे किलो. एका पायाला वर्षाला ढोबळ दहा लाख पावलं. पंधरा वर्षांत दीड कोटी. आमच्याकडे एखाद्या पार्टची इतकी सायकल टेस्ट लावायची म्हटलं तर मालक दारातून हाकलेल.

सदा_संशयी

तुम्ही सगळे फारच समजूतदार. मला यात सरळ भेसळ दिसते. इथे दुय्यम माल खपवतात, परदेशात असं होत नाही.

विगनकर

सदा_संशयी, परदेशात होतं, आणि अगदी सुरुवातीपासून होतंय. मी लँकशरमध्ये फिजिओ आहे. इथून जवळच रायटिंग्टन हॉस्पिटल आहे. आजचा खुब्याचा सांधा जिथे घडला ते हे ठिकाण, आणि पहिल्यांदा सपशेल फसला तोही इथेच.

इथले सर्जन जॉन चार्नली यांनी सुरुवातीला वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. पेशंट खूश, काठ्या फेकून चालायला लागले. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या आणि त्या चुऱ्याने हाडाभोवती गाठी झाल्या. सुमारे ३०० सांधे असे बसवून झाले होते. ते पुन्हा उघडायचं काम चार्नलींनी स्वतः केलं.

पुढचा भाग मला फार आवडतो. १९६२ साली एक विक्रेता रायटिंग्टनला प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. इथल्या कापडगिरण्यांच्या मागांमधली दातेरी चाकं त्या प्लास्टिकची बनत. चार्नलींनी तुकड्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि निघून गेले. त्यांचा यंत्रकारागीर हॅरी क्रेव्हन मात्र चिवट. साहेब परदेशी गेलेले असताना त्याने तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढं झिजायचं, तेवढं हे तीन आठवड्यांतही झिजलं नाही. चार्नलींनी मग दोन्हीचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले, काय होतं ते पाहायला. नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिएथिलीनच्या वाट्या बसायला लागल्या. डॉक्टर म्हणतात ती जुनी वाटी ती हीच.

आणि दुय्यम मालाचं म्हणाल, तर १९९१ साली ब्रिटनमध्ये थ्रीएमचा कॅपिटल हिप आला. दिसायला चार्नलीच्या सांध्यासारखा, किंमत कमी. तो इतका लवकर सैल व्हायला लागला की १९९८ साली सरकारला धोक्याची सूचना काढावी लागली.

मागवाला

हॅरी क्रेव्हनला आमच्या इचलकरंजीतर्फे एक सलाम. मागाच्या चाकातून माणसाचा सांधा! बाकी धागा माझ्या डोक्यावरून जातोय, पण वाचतोय.

फायनल_इन्स्पेक्शन

लेथवाला, आपण एकाच जातीचे. मी क्वालिटीला आहे, त्यामुळे मला दोन किस्से कायम आठवतात.

पहिला झिर्कोनिया या सिरॅमिकच्या गोळ्यांचा. फ्रान्समधल्या सेंट-गोबेनच्या कंपनीचे गोळे वर्षानुवर्षं उत्तम चालले होते. १९९८ साली त्यांनी बॅचची भट्टी सोडून टनेल भट्टी घेतली. ड्रॉइंग तेच, माल तोच, मापं तीच. पेशंटच्या आत गोळे फुटायला लागले आणि ऑगस्ट २००१ मध्ये ते परत मागवावे लागले.

दुसरा अमेरिकेतल्या सुल्झरचा, डिसेंबर २०००. खुब्याच्या वाटीच्या धातूच्या कवचावर मशिनिंगच्या तेलाचा अंश राहिला होता. कवचाला हाड धरायला पाहिजे ते धरेना. सुमारे १७,५०० कवचं परत मागवली. धुतलेल्या पार्टवरचं तेल हो! तेव्हापासून आमच्या वॉशिंग लाइनवरचा पोरगा 'दिसायला स्वच्छ आहे की' म्हणाला की माझ्या अंगावर काटा येतो.

सदा_संशयी

म्हणजे माझंच खरं ठरलं. सगळीकडे कंपन्याच. आणि आपल्याकडे धातूवर धातूचं जे प्रकरण झालं ते विसरलात?

मुद्देसूद

विसरलो नाही, पण त्याची नीट मांडणी व्हायला हवी, कारण त्याचा लेथवाला यांच्या वडिलांशी थेट संबंध नाही.

ते प्रकरण एएसआर नावाच्या सांध्याचं. कंपनी डेप्यू, म्हणजे जॉन्सन अँड जॉन्सनची उपकंपनी. गोळाही कोबाल्ट-क्रोमचा, वाटीही त्याचीच. प्लास्टिक नाही म्हणजे चुरा नाही, सांधा तरुणांना जन्मभर पुरेल, असा होरा. वाटी मात्र उथळ ठेवलेली, अर्ध्या गोलापेक्षा कमी. ती थोडी जरी तिरकी बसली तरी गोळ्याचा भार तिच्या काठावर यायचा, वंगणाचा पापुद्रा फाटायचा आणि धातूवर धातू घासायचा. चुरा झालाच, फक्त कोबाल्ट आणि क्रोमियमचा. तो आसपासचे स्नायू नासवतो आणि रक्तातही उतरतो.

ऑस्ट्रेलियाच्या सांध्यांच्या नोंदवहीत आकडे वाईट दिसले आणि तिथे २००९ च्या अखेरीस विक्री थांबली. जगभरातून माल परत मागवला ऑगस्ट २०१० मध्ये. तोवर सुमारे ९३,००० बसवून झाले होते. ब्रिटनच्या नोंदींनुसार पाच वर्षांत १२-१३ टक्के लोकांना पुन्हा ऑपरेशन लागत होतं. भारतात अशी ऑपरेशनं सुमारे ४,७००. आपल्या महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०११ साली एफआयआर नोंदवला. केंद्राची तज्ज्ञ समिती बसायला मात्र २०१७ उजाडलं, आणि २०१८ च्या अखेरीस ३० लाख ते १ कोटी २३ लाख अशी भरपाईची सूत्रं आली. बहुसंख्य पेशंट तोवर सापडतही नव्हते. पत्ते बदललेले, कागद हरवलेले.

माझा राग कंपनीपेक्षा या शेवटच्या गोष्टीवर आहे. स्वीडनने १९७९ मध्ये खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. आपल्याकडे २००६ पासून सर्जन संघटनेची आहे, पण ऐच्छिक.

करकरणारी आजी

अरे बाळांनो, जरा हलकं होऊ द्या. माझा सांधा सिरॅमिकवर सिरॅमिक. मोडला नाही, झिजला नाही, पण वाजतो. जिना चढताना करकर करकर. भजनी मंडळात खाली वाकून टाळ उचलले की आधी माझा खुबा सूर लावतो. नातू म्हणतो, आजीचं दार उघडलं. डॉक्टरांनी तपासलं, सांधा जागेवर आहे म्हणाले. यात काही धोका असतो का?

हाडांचा डॉक्टर

आजी, सिरॅमिकचे काही सांधे वाजतात. दुखत नसेल आणि फोटो चांगला असेल तर वाजू द्या. आवाज अचानक बदलला, कुरकुर जाऊन खडा चावल्यासारखं वाटायला लागलं, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. सिरॅमिक फुटायचं प्रमाण आता फार कमी आहे, पण फुटलं तर त्याचे काचेसारखे कण आत पसरतात. ते कितीही धुतले तरी सगळे निघत नाहीत. अशा वेळी नवीन गोळा धातूचा बसवायचा नसतो. ते कण त्याला किसणीसारखे किसतात. जर्मनीत मारबुर्गच्या डॉक्टरांनी असा एक पेशंट नोंदवलाय. फुटलेल्या सिरॅमिकच्या जागी धातूचा गोळा बसवला होता, त्याचा कोबाल्ट अंगात भिनून माणसाचं हृदय निकामी होत गेलं, ऐकू येईना, दिसेना. कारण खुब्यात होतं आणि तो फिरत होता बाकीच्या डॉक्टरांकडे.

पाऊसवेडी

आईचा एक्स-रे काढला. उजवा ठीक आहे. डाव्या वाटीत गोळा किंचित वर सरकल्यासारखा दिसतो म्हणाले, म्हणजे थोडी झीज. सहा महिन्यांनी पुन्हा. जुनी फिल्म होती म्हणून तुलना तरी करता आली. फिल्म बोहारणीच्या पिशवीत चालली होती, मी ओढून काढली.

एक बावळट प्रश्न. आई अजून देवासमोर मांडी घालून बसते. त्याने मोडेल का?

हाडांचा डॉक्टर

प्रश्न अजिबात बावळट नाही. मांडी घातल्याने दांडा मोडत नाही. पण फार वाकलं, उकिडवं बसलं, पाय आत वळला, की दांड्याची मान वाटीच्या काठावर टेकते. तिथे तरफ होते आणि गोळा वाटीतून निसटू शकतो. निसटला नाही तरी काठ टोचून टोचून झिजतो. कुणाला किती चालेल हे गोळा केवढा, वाटी कुठल्या कोनात आणि ऑपरेशन कुठल्या बाजूने केलं यावर ठरतं. त्यांच्या सर्जनला विचारा. तोवर देवासमोर पाट नको, खुर्ची. देव समजून घेतो, सांधा घेत नाही.

सदा_संशयी

डॉक्टर, एक खरं सांगा. लेथवाल्यांच्या बाबांचं ऑपरेशन करणाऱ्याने दहा वर्षं बोलावलंच नाही, ही चूक नाही?

हाडांचा डॉक्टर

आमच्या धंद्याची सवय म्हणून ती चूकच आहे. डिस्चार्जच्या कागदावर 'त्रास झाल्यास यावे' लिहितात आणि पेशंट ते प्रामाणिकपणे पाळतो. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच लिहीत होतो. आता पहिली काही वर्षं ठरावीक अंतराने आणि दहा वर्षांनंतर दरवर्षी फोटो, असं लिहितो. येतात निम्मे. वरचा भाग सैल झालेला दोन वर्षं आधी सापडला असता तर अख्खा दांडा वरून ओढून काढता आला असता. मोडल्यावर खालचा तुकडा सिमेंटमध्ये रुतून बसतो. त्याला पकडायला जागाच नसते. मांडीच्या हाडात खिडकी कापून तो काढावा लागतो. साडेचार तास त्यात गेले असणार.

आणि इथे कुणी घाबरून ऑपरेशनच टाळायला नको. २०१९ साली लॅन्सेटमध्ये ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदींवरून हिशेब आला होता: २५ वर्षांनंतरही सुमारे ५८ टक्के सांधे टिकून होते. यातले बरेच सांधे जुन्या प्लास्टिकचे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आलेलं क्रॉसलिंक केलेलं (आतल्या साखळ्या एकमेकींना जोडून पक्कं केलेलं) प्लास्टिक त्याहून बरंच कमी झिजतं.

विगनकर

त्यात एक भर. नवीन केलं म्हणजे सुधारलं, असंही नसतं. इंग्लंडमधल्या एक्झेटरचा दांडा १९७० पासून आरशासारखा चकचकीत असायचा. १९७६ च्या सुमारास तो खरखरीत केला, सिमेंट जास्त घट्ट धरेल म्हणून. उलटंच झालं, सैल व्हायचं प्रमाण वाढलं, आणि १९८६ मध्ये गपचूप पुन्हा चकचकीत. चकचकीत दांडा सिमेंटमध्ये पाचरीसारखा किंचित खाली बसतो आणि स्वतःच आवळला जातो. खरखरीत दांडा हलला की सिमेंट कानशीसारखा घासतो.

फायनल_इन्स्पेक्शन

लेथवाला, तुकड्यावर जिथे चीर सुरू झाली तिथे काही खूण आहे का? ओरखडा, कोरलेला नंबर, काहीही? कोबाल्ट-क्रोमच्या काही दांड्यांमध्ये चीर नेमकी लेसरने कोरलेल्या अक्षरापासून सुरू झालेली सापडली आहे.

लेथवाला

तेच पाहायला आज कंपनीतला मायक्रोस्कोप रिकामा मिळाला. कोरीव अक्षरं मानेजवळ आहेत, चीर खाली बोटभर अंतरावर. तिथे ना खड्डा, ना ओरखडा, ना धातूत पोकळी, निदान माझ्या डोळ्यांना दिसेल एवढी. वरच्या तुकड्याचा पृष्ठभाग मात्र एका बाजूने घासून आरशासारखा झालाय. सिमेंटमध्ये तो हलत होता त्याचा हा पुरावा. वाटीत वरच्या अंगाला गोळ्याने स्वतःचं वेगळं घर केलंय, नख फिरवलं की कडा लागते. डॉक्टर म्हणाले तसंच. माझा संशय खोटा ठरला, दांडा निर्दोष निघाला.

ऑपरेशनआधीची दुसरी धावपळही सांगतो. नवीन सर्जननी विचारलं होतं की जुना सांधा कुठला, कारण वाटीचं कवच ठेवायचं झालं तर त्याच मापाचं मिळतंजुळतं प्लास्टिक लागतं. आमच्याकडे डिस्चार्ज कार्डवर नुसतं 'टी.एच.आर. डावा', म्हणजे डावा खुबा बदलला एवढंच. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथे म्हणाले, एवढे जुने रेकॉर्ड नाहीत. शेवटी आईने एलआयसीच्या फायलीतून एक पिवळट कागद काढला. मागे चार स्टिकर चिकटवलेले, बारकोड, बॅच नंबर, माप. २००९ साली ओटीतल्या कुणा नर्सने 'हे जपून ठेवा' म्हणून दिले होते. आईला काय आहे ते माहीत नव्हतं, पण सरकारी कागदासारखं दिसलं म्हणून तिने फेकलं नाही.

मुद्देसूद

त्या नर्सला आणि तुमच्या आईला साष्टांग दंडवत. आता ते नंबर घालून मटेरिओव्हिजिलन्सकडे, म्हणजे वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी गोळा करणाऱ्या सरकारी योजनेकडे, नोंद करा. २०१५ पासून गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनकडे हे काम आहे, पेशंट किंवा नातेवाईकही फॉर्म भरू शकतात. दांडा निर्दोष असला तरी मोडल्याची नोंद व्हायला पाहिजे. त्याच बॅचचा दुसरा कुठे मोडला असेल तर जुळवणार कोण?

लेथवाला

फॉर्म भरला. 'उपकरण सध्या कुठे आहे' असा एक रकाना होता. तिथे 'घरी, स्टीलच्या डब्यात' लिहिलं.

बाबा वॉकरवर हॉलपर्यंत येतात. सहा आठवडे पूर्ण भार टाकायचा नाही म्हणून कुरकुरतात, पण ऐकतात. काल नवीन सांध्याचे स्टिकर स्वतः मागून घेतले, तीन झेरॉक्स काढायला लावल्या. एक एलआयसीच्या फायलीत, एक माझ्याकडे. तिसरी त्यांनी घडी घालून स्कूटरच्या आरसी बुकाच्या पाकिटात ठेवली आणि वर पेनाने पुढच्या एक्स-रेची तारीख लिहिली, सर्व्हिसिंगची लिहितात तशी.